जरा जास्त जायफळ

हॉस्टेलच्या गच्चीवर भोंडल्याची गाणी संपली आणि हर्षदाने बंद डबा सगळ्यांपुढून फिरवला. खिरापत ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम. मुलींनी लाडवापासून ढोकळ्यापर्यंत सगळं सांगून पाहिलं. हर्षदा नाहीच म्हणत राहिली.

तिची रूममेट शलाका कठड्याला टेकून कुणाच्यातरी सपाट पोटाचं रील बघत होती. तसं पोट हवं म्हणून महिनाभर काकडीवर जगत होती. मेसचं ताट आलं की म्हणायची, "भूकच लागत नाही गं."

"हरलो बाई," मुली म्हणाल्या.

"साटोऱ्या," शलाका मान वर न करता म्हणाली. "खव्याच्या. जायफळ जरा जास्त झालंय."

गच्चीभर हसू उसळलं. हर्षदाने डबा उघडून तिच्यापुढे धरला. "भूक लागत नाही ना? मग हे नाक कुणाचं? ओळखणारीला पहिला मान."

शलाकाने कोपरा मोडला. मग डोळे मिटून अख्खी साटोरी संपवली.

"आमच्या आईला सांगू, जायफळ जास्त झालं म्हणून?"

"थांब." शलाकाने मोबाइल कठड्यावर पालथा ठेवला आणि दुसरी उचलली. "एकीवरून नक्की कळत नाही."