मोटेचं चामडं

टाकीतलं पाणी काही केल्या थांबेना. कोंडीबानं साखळी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली, टाकीच्या पोटावर थापटी मारून पाहिली, शेवटी तिला एक शिवीही घातली. खाली भांड्यात पाणी झुळझुळतच राहिलं.

धरणाच्या बंगल्यातला हा विलायती संडास. बंगला टेकडीवर, खाली मुळशीच्या खोऱ्यात अडवलेलं पाणी आणि त्या पाण्याच्या तळाशी कोंडीबाचं गाव. गाव गेलं तेव्हा त्याला बंगला राखायचं काम मिळालं आणि मागच्या अंगाला नवराबायकोपुरती एक खोली. खालचं पाणी पंपानं वर चढायचं आणि या टाकीत येऊन पडायचं. साहेबांच्या मडमेला त्या गळतीचा आवाज सोसवत नव्हता. आज दोघं येणार होते. मुकादम जयसिंग सकाळीच बजावून गेला होता, की संध्याकाळी टाकी वाजली तर बंगल्याला दुसरा माणूस बघू, तुम्ही आपलं बोचकं उचला.

टाकीचं काय, ती गप्प करता आली असती. कोंडीबाला धास्ती होती बायकोची, भागूबाईची.

त्यांची लेक राजी मळ्यातल्या विहिरीत गेली, ती धरणाचं पाणी चढायच्या आदल्या उन्हाळ्यात. शेजारच्या बहिरूनं बुडी मारून तिला वर धरली आणि पाणी उपसायच्या चामडी मोटेत घातली. मोट वर घेतली कोंडीबानंच. एरवी बैलांच्या नावानं बोंबा मारत त्यांना विहिरीपुढच्या उतरत्या धावेवरून पिटाळणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांच्या पाठीवर हात ठेवून चालला. "हळू रं, पोरगी हाय," एवढंच तो बैलांशी बोलला.

गाव म्हणालं, राजीला आसरांनी नेली. पाण्यातल्या त्या साती बहिणी. आवडलेली पोर आपल्यातच ठेवून घेतात. भागूबाईनं ते घट्ट धरलं. दर शुक्रवारी ती विहिरीच्या काठावर दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवायची. मग धरण भरलं आणि विहीर नेमकी कुठं होती तेही कळेनासं झालं. भागूबाईनं बोलणंच टाकलं.

टाकी गळायला लागली आणि ती पुन्हा बोलायला लागली. बंगल्याच्या मागं, जिथून संडासाचा नळ खाली उतरतो, त्या भिंतीला कान लावून ती बसून राही. हसे, पुटपुटे, रागेही भरे. एक दिवस तिथल्या दगडावर कोंडीबाला दहीभात दिसला. तो चिडला आणि त्याला लाजही वाटली. असल्या घाणीच्या जागी आसरा येतात का कधी, म्हणून तो तिच्या अंगावर धावून गेला.

भागूबाईनं शांतपणे विचारलं, "मंग त्यांना दुसरी जागा ठिवलीया का कुनी?"

कोंडीबा आल्या पावली परतला. दहीभात त्या दगडावर पडत राहिला.

पण आज खोलीचा प्रश्न होता. कोंडीबानं नळाची चावी बंद केली आणि घडवंचीवर चढून टाकीत हात घातला. साखळी ओढली की तळाच्या भोकावरचं झाकण उचलतं, सोडली की बसतं. त्या झाकणाखालची चामड्याची चकती भिजल्या भाकरीसारखी झाली होती. नवी चकती पुण्याहून यायची आणि पुण्याचा मिस्त्री पौडाच्या पुढं पाऊल टाकायला तयार नसायचा.

घरात चामडं होतं ते एकच. कोंडीबानं आढ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली मोट खाली घेतली. ही मोट विहिरीत टाकून आलो, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. तिच्या नजरेला पुन्हा पडू नये म्हणून सांगितलं होतं. टाकून यायला मात्र त्याचा हात धजला नव्हता. मोटेतलं पाणी जिच्यातून पडायचं त्या सोंडेचं मऊ चामडं त्यानं गोल कापलं, त्याला करंजेल चोळलं आणि झाकणाखाली बसवलं. मग चावी सोडली. टाकी भरली.

थेंबसुद्धा पडला नाही. इतकं शांत झालं, की खालच्या पाण्यावरचा वारा ऐकू यायला लागला. घरातल्याच कुणाचं तरी तोंड दाबल्यासारखं कोंडीबाला वाटलं.

मागं जाऊन पाहतो तर भागूबाई भिंतीला कान लावून उभी. आता ही हंबरडा फोडणार, म्हणून त्यानं मन घट्ट केलं. तिनं फक्त विचारलं, चामडं कुठलं लावलं. खोटं सांगायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो खरंच बोलला. मोटेचं, म्हणाला.

तिनं पदरानं डोळे पुसले.

"बरं केलंत. रोज गळून चालली व्हती ती. मोटंनं धरली तिला."

बाईमाणसाचं मन, म्हणेल ते म्हणू द्यावं, असं स्वतःला बजावत कोंडीबा लाकडं फोडायला बसला. खोली वाचली होती आणि त्याला तेवढंच पाहिजे होतं.

दिवस कलताना साहेबांची गाडी आली. मडम आत गेली. जयसिंग पडवीत कान देऊन उभा राहिला. कुठं झुळझुळ नाही की ठिबक नाही. त्यानं कोंडीबाकडं बघून मान डोलावली. थोड्या वेळानं आतून साखळीचा खडखडाट आला आणि टाकीतलं सगळं पाणी एकदम सुटलं.

कोंडीबाच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली. तो उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"हळू रं," तो म्हणाला, "पोरगी हाय."