खालच्या मजल्यावरचं जेवण

"घरात घासाला नाही म्हणायचं आणि परक्याच्या दारात जाऊन ताट पुढं ओढायचं, ही कुठली रीत?" सासूबाईंनी मुलाला सुनावलं. सून कालही दुपारी खालच्या शिंपिणीकडे जेवली होती.

मुलगा बूट घालत म्हणाला, "मग तिलाच विचार ना, आई."

"काय विचारू? जेव म्हटलं की म्हणते, तुम्ही बसा, मग मी बसते. माझ्याशी बरोबरी!"

सासूबाई कुणाबरोबर बसत नसत. सगळ्यांना वाढून झालं की स्वयंपाकघराचं दार लोटून मागून एकट्या जेवत. घरधनिणीनं शेवटी जेवावं, हा त्यांचा तोरा. त्यांच्या हातचं खाऊन माणसं बोटं चाटत, आणि ही पोर ताटात रेघोट्या ओढत बसायची.

शिंपिणीचं जुनं दुखणं साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. तरुणपणी ती अन्न लपवून फेकायची, खाल्लेलं ओकून टाकायची. हाडांचा सापळा झाली, इस्पितळात राहिली, मग हळूहळू माणसात आली. तिचंच सुनेला लागलं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. पण खरा जाळ वेगळाच होता. सून तिला 'ताई' म्हणायची, तिच्याजवळ खळखळून हसायची. वर आली की ओठ शिवलेले.

त्या दुपारी सून खाली उतरली, तशा सासूबाईही मागोमाग निघाल्या. संतापानं डोळ्यांपुढे अंधारी आली. जिन्यात कठडा धरून थांबावं लागलं. दोरा गुंडाळलेला असूनही बोटातली अंगठी निसटून पायरीवर पडली. ती उचलून त्यांनी मुठीत धरली.

शिंपिणीच्या दुकानाच्या काचेतून दिसलं ते बघून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. शिलाई मशीन बाजूला सारून दोघी एकाच ताटात जेवत होत्या. शिंपीण काहीतरी समजावत होती, सून मान डोलावत घास घेत होती. अगदी सख्ख्या बहिणी!

सासूबाईंनी दार ढकललं. "माझ्या हातच्या जेवणात विष असतं काय गं?"

सून ताडकन उठली. "आई, मी इथं जेवायला नाही येत. शिकायला येते."

"काय शिकतेस? कात्री धरायला?"

"समोरच्याला जेवायला कसं बसवायचं, ते."

शिंपिणीनं एक स्टूल पुढं सरकवलं. सासूबाई बसल्या नाहीत.

"पक्की आगाऊ आहेस तू! मी माझ्या ताटातलं जेवण केराच्या टोपलीत सालींखाली दडवते, हे कळलं होतं तर मला विचारायचं, हिला कशाला? चल वर. दोन घास खाईन मी. पण जवळ तू बसायचंस, आणि फक्त माझ्याच जवळ, हिच्या नाही!"