कोरी सुई

वस्तीतल्या मुलींची सुंता वर्षानुवर्षं आत्याच करत आली होती, म्हणून आरोग्यशिबिरातल्या नर्सवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. रक्त तपासायची वेळ येताच तिने विचारलं, “सुई आधी कुणाला टोचलीस?” नर्सने कोरी पाकिटं दाखवली. “प्रत्येकीला वेगळी, आत्या. एकीच्या रक्तातला एचआयव्ही सुईवाटे दुसरीच्या अंगात जातो.” मागून आत्याची सून म्हणाली, “आणि तुमचं पातं? एकाच पात्याने पाच मुलींना कापलंत. त्यात माझी थोरलीही होती.” हिलाही फितवलंय, आत्याच्या मनात आलं, पण त्या पाचही मुलींच्या आया तिच्याकडेच बघत होत्या. “धाकटीसाठी नवं पातं आणते,” ती पुटपुटली. “नव्यानेही नको,” सून म्हणाली. “थोरली अजून लघवीला बसताना रडते.” आत्याने नर्सपुढे हात केला. “आधी माझं रक्त घे. त्या पाचांतल्या पहिलीच्या वेळी त्याच पात्याने माझंही बोट कापलं होतं.”