कपाशीचे कान

नंदिनी आखाड्यात शिरली तेव्हा जागृती दोरीबाहेर कागद धरून उभी होती. नंदिनीच्या अंगात नवा काळा कोट होता, डोक्यावर टोप होता आणि मांडीखाली कपाशी होती. कपाशी म्हणजे जागृतीची घोडी. निदान काल संध्याकाळपर्यंत जागृती तसं समजत होती.

ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात पळापळ नसते, उड्याही नसतात. आखलेल्या चौकोनात घोड्याने शहाण्यासारखं चालायचं, दुडकायचं, गोल घ्यायचा, थांबायचं. आणि स्वार काही करतोय हे बघणाऱ्याला कळता कामा नये. स्वाराने तोंडातून हुंकार काढला तरी गुण कापतात. मात्र पुढे काय करायचं हे बाहेरून कुणी वाचून दाखवलं तर ते नियमात बसतं. आज ते काम जागृतीकडे होतं. इथे जो पहिला येईल तोच राज्याच्या स्पर्धेला जाणार होता.

कपाशी मूळची वरातीतली. नवरदेव पाठीवर घेऊन बँडपुढे नाचायची, आणि काटेरी लगामाने तिचं तोंड इतकं निबर झालं होतं की ओढा नाहीतर ताणा, तिला सोयरसुतक नसे. पिपरी मेघे गावच्या घोडेस्वारी क्लबात आल्या आल्या तिने दोघा स्वारांना पाठीवरून फेकून धूळ चारली. तेव्हा क्लबचे सर, घोडदळातून निवृत्त झालेले प्रभाकरराव, जागृतीला म्हणाले होते, "हिले तू घडव. स्पर्धेत तूच बसशील." जागृतीने लगामाचा नाद सोडला आणि लांब दोर धरून घोडीशी नुसती बोलत राहिली. चाल म्हटलं की चाल, थांब म्हटलं की थांब. बारावीचा इतिहाससुद्धा तिने कपाशीला मोठ्याने वाचून दाखवला होता. दोघी पास झाल्या, असं घरचे चेष्टेने म्हणत.

आणि काल सरांनी सांगितलं की नंदिनी बसेल. क्लबची जागा नंदिनीच्या वडिलांची, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. वाचायला मात्र तूच पाहिजे, विश्वासाचं माणूस तूच, असं वर म्हणाले. जागृती घरी जाऊन रडली, आणि त्या एका शब्दावर वेड्यासारखी थोडी सुखावलीही.

"दुडकी," जागृतीने वाचलं.

नंदिनीची टाच अजून हललीही नव्हती. कपाशी दुडकायला लागली.

"डावीकडे गोल."

कपाशी वळली. जागृतीला वाटलं, योगायोग असेल. मग तिने "चाल" म्हटलं, आणि कपाशीचे दोन्ही कान दोरीकडे फिरले. घोडी चालीवर आली. पाठीवरची नंदिनी आपल्याच हुशारीवर खूश होऊन हसत होती. तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं.

माहीत होतं ते एकाच माणसाला, आणि तो माणूस जागृतीच्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता. घोडी काढून घेतली होती तेवढ्यावर भागलं नव्हतं. आता तिचा आवाजही नंदिनीला देऊन टाकला होता, आणि तोही तिच्याच तोंडून.

"सर, मी वाचून राह्यली का चालवून राह्यली?" तिने हळूच विचारलं.

प्रभाकररावांनी मान वळवली नाही. "वाच. बाकीचं मंग बोलू."

जागृतीने वाचलं नाही. वळायची जागा आली आणि गेली. कपाशी सरळ दोरीकडेच येऊ लागली तशी नंदिनी घाबरली आणि तिने लगाम दोन्ही हातांनी खेचला. घोडीचं तोंड उघडलं. ओठांच्या कोपऱ्यात काट्यांचे जुने वण होते. तिथे रोज खोबरेल लावणारीला ते वेगळे दाखवावे लागत नाहीत.

"उजवीकडे," जागृती म्हणाली. "हळू. उजवीकडे."

मग तिने सगळं वाचलं. आवाज कापला नाही की चढला नाही. ती वाचत गेली आणि कपाशी करत गेली, इतकी छान की कडेला उभे असलेले लोक बोलायचे थांबले. इतकी छान ती जागृतीखालीही कधी चालली नव्हती. हेच जागृतीला सगळ्यात जास्त लागलं.

"मधोमध ये. थांब. सलाम."

कपाशी चारही पाय जुळवून थांबली. नंदिनीने हात खाली सोडून परीक्षकांना मान लववली. परीक्षकांनीही मान लववली आणि पेनं खाली ठेवली. टाळ्या वाजल्या. कागदावर आता एकच ओळ उरली होती, लगाम सैल सोडून चालत बाहेर जायची. तिला गुण नसतात.

नंदिनीने टाच लावली. मग जरा जोरात लावली. कपाशी हलली नाही. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. कुणीतरी हसलं.

"अवं, बोल ना," प्रभाकरराव दातांमागून म्हणाले. "सगळे पाहून राह्यले."

जागृतीने कागदाची नीट घडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"तुम्ही सांगा सर. तुमचं ऐकते का पाहा."

ती फाटकाकडे चालू लागली. मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते तिने पाळलं. आखाड्याच्या मधोमध घोडी तशीच उभी होती. तिचे कान मात्र जागृतीबरोबर हळूहळू फाटकाकडे वळत गेले.