पृथ्वीचं पोट

विषुववृत्तावरच्या, डोंगरात उंच वसलेल्या कितो शहरातल्या एका तालमीत जर्मनीहून आणलेला स्प्रिंगचा वजनकाटा होता. त्यावर यादिराचं वजन पंचावन्न किलोला शंभर ग्रॅम कमी भरलं. भारोत्तोलनात तिच्या गटाची मर्यादा पंचावन्नच होती.

"डॉन अर्सेनियो," तिच्या शाळेचे विज्ञानाचे सर प्रशिक्षकांना म्हणाले, "पृथ्वी इथे कमरेला फुगलेली, आपण तिच्या मध्यापासून लांब, म्हणून ओढ कमी. जर्मनीत जुळवलेला हा काटा इथे दोनशे ग्रॅम कमीच दाखवतोय."

यादिरा पुन्हा काट्यावर चढली. प्रशिक्षक मात्र खो खो हसले. "मास्तर, पोरगी वाळली ती माझ्या मेहनतीनं. पृथ्वीचं पोट तुम्ही सांभाळा!"

स्पर्धेसाठी नॉर्वेला गेल्यावर तिथल्या काट्यावर तिचं वजन मर्यादेपेक्षा शंभर ग्रॅम जास्त भरलं. यादिरा स्पर्धेतून बाद झाली.

"विमानात काय गिळलंस गं?" कालपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या पोरीवर डॉन अर्सेनियो खेकसले.