चमनगोटा

एसटीतून उतरता उतरता आईनं सर्जेरावचं तुळतुळीत डोकं पाहिलं आणि तिचा हात मंगळसूत्रावर गेला. पिशवी गळून पडली. बाबा तीन दिवसांपासून दवाखान्यात होते. त्यांच्यासाठीच ती गावाहून धावत आली होती.

सर्जेराव डोक्याचं विसरलाच होता. व्हिडिओ गेमवरून काढलेल्या सिनेमाचा हिरो म्हणजे सुपारी घेणारा टकला मारेकरी, म्हणून हिरोच्या बदली उड्या मारणाऱ्या त्याचाही सकाळी चमनगोटा झाला होता. सातव्या मजल्यावरून बिनघोर उडी टाकून आलेला गडी आता घाबरून आईकडे धावला.

"अगं आई, बाबा बरे आहेत! हे शूटिंगसाठी!"

तिनं खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. मग पिशवीतला टॉवेल काढून त्याच्या डोक्याला गुंडाळला.

"असा त्यांच्यापुढं उभा राहू नकोस," ती म्हणाली. "त्यांना वाटेल, मीच गेले."