सुलभाची उजळणी घेणारा कावळा

"तुम्हाला पटायचं नाही, पण आमच्या सुलभाला न्यायाधीश केलं ते एका कावळ्यानं!" देवळातल्या तिच्या सत्कारात मी असं बोललो, तेव्हा हातात नारळ घेऊन बसलेले गावकीचे प्रमुख महिपतरावसुद्धा हसले.

ब्याऐंशी साली रत्नागिरीहून वकिली शिकून आलेल्या माझ्या या पुतणीनं भर गावकीत विचारलं होतं, "माणसांना दंड करायचा अधिकार तुम्हाला कुठल्या कायद्यानं दिला?" महिपतरावांनी त्याच बैठकीत आमचं घर वाळीत टाकलं. माफी माग म्हणाले, तर ही न्यायाधीशाच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन पडवीत बसली.

मी पुढे सांगू लागलो, "आमच्याशी बोलेल त्यालाही दंड! मग पोरीची उजळणी घेणार कोण? रोज दुपारी गाव आडवं झालं की एक कावळा यायचा. संविधानाचं कलम बरोबर आलं की मान डोलवायचा आणि चुकलं की असा कोकलायचा, की पोरगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. त्यातलं समानतेचं कलम तर त्याला इतकं आवडायचं, की तेच परत परत म्हणायला लावायचा."

सगळा सभामंडप हसत होता. महिपतरावांचं तर पोट गदगदत होतं.


तेवढ्यात बायकांच्या बाजूनं त्यांचीच बायको, हौसा, उठून उभी राहिली. "साफ खोटं, भावजी! कावळा कसला? मागल्या दारानं येऊन पुस्तक धरून बसायची ती मी!"